घरासाठी कॅमेरा कोणता घ्यावा?

व्यापारी मनुष्यास मालाची पारख शिकवावी लागत नाही. तंबाखूचे पान हाती घेऊन त्यातील ओलावा सांगणारे, कापडाचा पोत चिमटीत धरून त्याची जात ओळखणारे आणि गुळाची ढेप फोडून तिचा रंग व कण पाहणारे आमचे निपाणी, संकेश्वर, चिकोडी व बेळगाव येथील बंधू कॅमेऱ्याच्या दुकानात शिरले म्हणजे मात्र विक्रेत्याच्या तोंडाकडे पाहू लागतात. मेगापिक्सेल, झूम, सेन्सर, आयएसओ असे शब्द कानांवर पडतात. त्यांतील कोणता शब्द मोलाचा आणि कोणता केवळ वेष्टनावरील शोभेचा, हे कळत नाही. परिणामी कोणी गरजेहून दुप्पट किंमत मोजतो, तर कोणी स्वस्ताच्या मोहाने असा माल घरी आणतो की, वर्षभरात तो कपाटात पडून राहतो.

प्रस्तुत लेखात आम्ही दोनच कामे डोळ्यांपुढे ठेवली आहेत. पहिले, घरातील माणसांची व मंगल प्रसंगांची छायाचित्रे. दुसरे, आपल्या भागातील डोंगर, धबधबे व शेते यांचे देखावे. ज्यांना व्यवसाय म्हणून छायाचित्रण करावयाचे आहे त्यांच्यासाठी हा लेख नाही. ज्या कुटुंबास बेताच्या खर्चात दहा वर्षे उपयोगी पडेल असे एक साधन हवे आहे, त्यांच्यासाठी तो आहे.

थोडा पूर्वेतिहास

छायाचित्रणाची कला आपल्याकडे नवी नाही. मुंबईत १८५४ सालीच छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली होती. आपल्या जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर, पुराणवस्तुसंशोधक जेम्स बर्जेस यांनी १८७४ च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत बेळगाव व कलादगी या दोन जिल्ह्यांतील प्राचीन वास्तूंची पाहणी केली आणि तिचा वृत्तांत त्याच वर्षी छायाचित्रांसह प्रसिद्ध झाला. त्या काळी काचेच्या जड पट्ट्या, रसायनांच्या बाटल्या व अंधाऱ्या खोलीची सामग्री बरोबर बाळगल्यावाचून हे काम होत नसे.

पुढे फिल्मचे युग आले. आमच्या पिढीतील अनेक घरांत आग्फा क्लिक थ्री हा पेटीसारखा साधा कॅमेरा होता. १२० क्रमांकाच्या एका रोलवर त्यात बारा चौकोनी चित्रे निघत. बाराच चित्रे असल्यामुळे प्रत्येक चित्र विचारपूर्वक काढले जाई, ते धुऊन, छापून, कोपरे लावून आल्बममध्ये चिकटविले जाई. आणि म्हणूनच ती चित्रे आजही घराघरांत शिल्लक आहेत.

डिजिटल कॅमेऱ्याचा जन्म प्रयोगशाळेत झाला. प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारी जी चकती पुढे कॅमेऱ्याचा डोळा ठरली, तिची कल्पना १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉयल व जॉर्ज स्मिथ यांनी मांडली. त्याबद्दल त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला चालता डिजिटल कॅमेरा जुळविला. त्याच्या चित्रात अवघे दहा हजार ठिपके होते आणि एक चित्र कॅसेटवर उतरविण्यास तेवीस सेकंद लागत. आजच्या साध्या कॅमेऱ्यात दोन ते अडीच कोटी ठिपके असतात व ते डोळ्याचे पाते लवते न लवते तोच नोंदले जातात.

मोबाईल असताना कॅमेरा कशाला?

हा प्रश्न प्रथम विचारणे हे व्यवहारी माणसाचे लक्षण होय, आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. भर दिवसा, उघड्यावर, जवळच्या माणसाचे चित्र काढावयाचे आणि ते पडद्यावरच पाहावयाचे असेल, तर चांगला मोबाईल पुरेसा आहे. ज्यांची गरज एवढीच आहे त्यांनी कॅमेऱ्यावर एक रुपयाही खर्च करू नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो.

कॅमेऱ्याची गरज लागते ती चार ठिकाणी. एक, मंद प्रकाशात : दिवाळीच्या रात्री दुकानातील वहीपूजन, समयांच्या उजेडातील घरगुती समारंभ, लग्नातील संध्याकाळ. दोन, दूरच्या विषयासाठी : शाळेच्या रंगमंचावर उभी असलेली नात किंवा तलावावरील पक्षी. तीन, धावत्या विषयासाठी : खेळती मुले क्षणभरही स्थिर राहत नाहीत. चार, मोठ्या आकाराच्या छपाईसाठी : जे चित्र दिवाणखान्यात भिंतीवर लावावयाचे आहे, त्यात केस न् केस व पान न् पान स्पष्ट हवे. या चारांपैकी दोन गरजा तरी ज्या घरात वरचेवर येतात, त्या घरास कॅमेरा घेणे हिताचे.

मेगापिक्सेलचा भ्रम

वेष्टनावर सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा मेगापिक्सेलचा असतो. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. आकडा मोठा तितका कॅमेरा चांगला, अशी समजूत रूढ आहे; ती हिशेबाने तपासून पाहू.

कागदावर उत्तम छपाईसाठी प्रत्येक इंचास तीनशे ठिपके पुरतात. चार बाय सहा इंचांच्या नेहमीच्या प्रतीस बाराशे गुणिले अठराशे, म्हणजे सुमारे बावीस लाख ठिपके लागतात. आठ बाय दहा इंचांच्या मोठ्या प्रतीस चोवीसशे गुणिले तीन हजार, म्हणजे बहात्तर लाख. बारा बाय अठरा इंचांच्या, भिंतीवर लावण्याजोग्या प्रतीसदेखील इंचास दोनशे ठिपके धरले तर साडेशाऐंशी लाखांच्या आत काम भागते. सारांश, १६ ते २४ मेगापिक्सेल घरच्या सर्व कामांस पुरून उरतात. त्याहून अधिक आकड्यासाठी अधिक दाम मोजणे म्हणजे पाच शेर धान्यासाठी खंडीचे पोते विकत घेणे होय.

मग खरे मोल कशात आहे? ते आहे सेन्सरच्या आकारात. सेन्सर म्हणजे भिंगातून आलेला प्रकाश झेलणारी चकती. पाऊस पडत असताना अंगणात एक वाटी व एक परात ठेवली तर परातीत पाणी अधिक जमते; तद्वतच मोठ्या सेन्सरवर प्रकाश अधिक जमतो. मोबाईलमधील सेन्सर बहुधा करंगळीच्या नखाएवढा किंवा त्याहून लहान असतो. खिशात मावणाऱ्या स्वस्त कॅमेऱ्यातील सेन्सर साधारण ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटर, म्हणजे सुमारे २८ चौरस मिलिमीटरचा. 'एक इंची' म्हणून ओळखला जाणारा सेन्सर १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ११६ चौरस मिलिमीटरचा. एपीएस-सी या जातीचा सेन्सर सुमारे २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटर, म्हणजे ३६६ चौरस मिलिमीटरच्या आसपास. आणि जुन्या फिल्मएवढा पूर्ण आकाराचा सेन्सर ३६ गुणिले २४, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटरचा.

हे आकडे पाहता ध्यानात येईल की, खिशातील स्वस्त कॅमेरा व एपीएस-सी कॅमेरा यांत दोहोंचे मेगापिक्सेल सारखे असले तरी दुसऱ्याची चकती पहिल्याच्या सुमारे तेरा पट आहे. समईच्या उजेडात आजीच्या चेहऱ्यावरील सुरकुत्या स्वच्छ उमटतात की रंगीत रवा पसरल्यासारखे चित्र होते, हे या फरकावर ठरते. पूर्ण आकाराचा सेन्सर अधिक चांगला खरा. परंतु त्याचा कॅमेरा व भिंगे यांची किंमत व वजन पाहता घरगुती कामास एपीएस-सी हाच मध्यम व शहाणपणाचा मार्ग होय, असे आमचे मत आहे. प्रवासात हलके साधन हवे असणाऱ्यांनी 'एक इंची' सेन्सरचा कॅमेरा पाहावा.

भिंगाची पारख

कॅमेऱ्याचे अंग बदलता येते, भिंग मात्र पिढीभर टिकते. म्हणून खर्चाचा विचार भिंगापासून करावा. भिंगावर दोन प्रकारचे आकडे कोरलेले असतात. पहिला मिलिमीटरमध्ये असतो. एपीएस-सी कॅमेऱ्यावर १६ किंवा १८ मिलिमीटरचे भिंग विस्तृत देखावा टिपते. ३५ मिलिमीटर डोळ्यास दिसते तसे चित्र देते. ५० मिलिमीटर एका-दोघांच्या चेहऱ्यासाठी उत्तम. आणि २०० मिलिमीटर दूरचे जवळ आणते.

दुसरा आकडा एफ या अक्षरापुढे असतो. तो जितका लहान, तितके भिंगाचे तोंड मोठे उघडते व प्रकाश अधिक आत येतो. कॅमेऱ्याबरोबर मिळणारे साधे भिंग ५० मिलिमीटरजवळ एफ ५.६ च्या आसपासच उघडते. याउलट ५० मिलिमीटर एफ १.८ हे छोटे, हलके व स्वस्त भिंग जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. घरातील समारंभांसाठी या एका भिंगाने जो लाभ होतो, तो कॅमेऱ्याचे अंग दुप्पट किमतीचे घेऊनही होत नाही. यास्तव शंभर रुपये खर्चावयाचे असतील तर पंच्याऐंशी-नव्वद रुपये अंगावरच उधळू नयेत. साधे अंग, त्याबरोबरचे भिंग आणि हे दुसरे छोटे भिंग, अशी वाटणी करावी. निकॉनच्या झेड मालिकेत याच कामासाठी ४० मिलिमीटर एफ २ हे भिंग मिळते.

झूमविषयीही एक इशारा देणे जरूर आहे. भिंग पुढेमागे सरकून होणारे झूम हेच खरे झूम. ज्यास डिजिटल झूम म्हणतात, त्यात चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करून दाखविला जातो, एवढेच. त्याचा आकडा विचारात घेऊ नये.

सांप्रतचा बाजार

बाजाराची स्थिती समजून घेतल्यावाचून सौदा करू नये, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. जपानमधील कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० साली जगभर बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात गेले. २०२३ साली ती संख्या ऐंशी लाखांच्याही आत आली. मोबाईलने स्वस्त कॅमेऱ्याची पेठ गिळली. कंपन्यांनी स्वस्त माल काढणे कमी केले व महाग मालाकडे मोर्चा वळविला. म्हणून आज 'आठ-दहा हजारांत उत्तम नवा कॅमेरा' ही अपेक्षा करणे व्यर्थ आहे. त्या किमतीत जे मिळते ते बहुधा चांगल्या मोबाईलहून सरस नसते.

दुसरा बदल रचनेतील आहे. पूर्वीच्या मोठ्या कॅमेऱ्यात भिंगामागे आरसा असे. २००८ पासून आरशाविना कॅमेरे निघू लागले व आता तेच प्रमुख झाले आहेत. कॅनन व निकॉन यांनी २०२० नंतर आरशाचा नवा नमुना काढलेला नाही. याचा अर्थ आरशाचे कॅमेरे वाईट झाले असा नव्हे. कॅनन १५००डी किंवा निकॉन डी३५००, हे दोन्ही २०१८ साली आलेले नमुने, घरगुती कामास आजही चोख आहेत व जुन्या बाजारात त्यांची भिंगे मुबलक व स्वस्त मिळतात. ज्यांचा हात आखडता आहे त्यांनी हा मार्ग धरण्यास संकोच करू नये.

नवाच घ्यावयाचा झाल्यास, आरशाविना असलेल्या एपीएस-सी कॅमेऱ्यांत कॅननचे आर१०० व आर५० हे २०२३ साली आलेले नमुने, निकॉनचा झेड३० हा २०२२ चा आणि सोनीचा झेडव्ही-ई१० हा २०२१ चा नमुना, असे काही पाहण्याजोगे आहेत. भिंगासह अशा कॅमेऱ्यांची किंमत साधारणतः चाळीस ते सत्तर हजारांच्या दरम्यान असते व सणासुदीस खालीवर होते. यांतील निवड करताना एक गोष्ट आमच्या भागातील उन्हामुळे महत्त्वाची ठरते. झेड३० व झेडव्ही-ई१० यांना डोळा लावून पाहण्याची खिडकी नाही. केवळ मागील पडद्यावर पाहून चित्र घ्यावे लागते. हे दोन नमुने मुख्यतः चलच्चित्रे काढणाऱ्यांसाठी आहेत. निपाणीच्या माळावर दुपारच्या उन्हात पडदा दिसत नाही, तेव्हा ती खिडकीच कामास येते. आर१०० मध्ये खिडकी आहे, परंतु त्याचा पडदा हलत नाही व स्पर्शाने चालत नाही. आर५० मध्ये दोन्ही सोयी आहेत, म्हणून त्याची किंमत अधिक. ज्यास जे लागते त्याने त्याचे दाम मोजावे.

जुना माल घेताना

जुना कॅमेरा घेताना पाच गोष्टी तपासाव्यात. पहिली, मूळ पावती व त्यावरील क्रमांक कॅमेऱ्याच्या अंगावरील क्रमांकाशी जुळतो की नाही. दुसरी, शटर किती वेळा उघडले आहे. साध्या कॅमेऱ्याचे शटर लाखभर वेळा चालेल असे सामान्यतः धरतात. तिसरी, भिंग उजेडासमोर धरून आरपार पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी होय, असे भिंग फुकट मिळाले तरी घेऊ नये. चौथी, एफ १६ वर निरभ्र आकाशाचे चित्र घेऊन मोठे करून पाहावे. काळे डाग दिसल्यास सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते, पण किंमत त्या मानाने कमी करून घ्यावी. पाचवी, बॅटरी फुगलेली नाही व ती नव्याने बाजारात मिळते, याची खात्री करावी.

पावती आणि कर

डिजिटल कॅमेऱ्यावरील वस्तू व सेवा कर १ जानेवारी २०१९ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. 'पावती नको असेल तर इतके कमी' असे सांगणारा दुकानदार भेटतो. त्याचे म्हणणे गोड वाटते, पण त्या सौद्यात भारतातील हमी हातची जाते आणि दुरुस्तीच्या वेळी कंपनीचे केंद्र दार लावून घेते. परदेशातून मागविलेल्या वस्तूसही येथील हमी बहुधा लागू नसते. ते आधी विचारून घ्यावे.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्टपणे मांडणे आम्ही कर्तव्य समजतो. दुकानातील दागिने, वस्त्रे वा इतर मालाची छायाचित्रे काढण्यासाठी पेढीच्या नावाने कॅमेरा घेतल्यास भरलेल्या कराची वजावट मिळते. घरगुती उपयोगासाठी घेतलेल्या वस्तूस ती मिळत नाही. मुलाच्या वाढदिवसासाठी घेतलेला कॅमेरा पेढीच्या खात्यात दाखविणे हे थोड्या लाभासाठी मोठी पत पणास लावणे होय. घरचा खर्च घरच्या खाती लिहावा.

प्रकाशमापनाचे एक गुपित

कॅमेरा घेतला म्हणजे चित्र आपोआप चांगले येते असे नाही. पुष्कळांस एक कोडे पडते. पांढरे शुभ्र ते राखी का येते, आणि काळे ते फिके का येते? कारण असे की, कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरील प्रत्येक वस्तू मध्यम राखी रंगाची आहे असे गृहीत धरतो. त्यास रंग कळत नाही, केवळ उजेड कळतो.

बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीचे उदाहरण घ्या. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या कारकीर्दीत त्याचा मंत्री बीचिराज याने १२०४ साली ती बांधविली. आत काळ्या पाषाणाची नेमिनाथांची मूर्ती व छतावर दगडी कमळ आहे. अशा काळ्या पाषाणाकडे कॅमेरा रोखला की, 'उजेड कमी आहे' असे समजून तो अधिक प्रकाश आत घेतो व काळा पाषाण करडा दिसू लागतो. येथे अधिक-उणे अशी खूण असलेली कळ फिरवून प्रकाश एक पायरी उणा करावा. कुंभोजजवळील बाहुबली येथे १९६३ साली उभारलेली २८ फुटांची संगमरवरी मूर्ती याच्या उलट आहे. तेथे शुभ्रतेने फसून कॅमेरा प्रकाश कमी करतो. म्हणून एक पायरी अधिक करावी. पांढरे धोतर, पांढरी साडी किंवा चुना दिलेली भिंत यांसही हाच नियम लागतो. मंदिरात मात्र परवानगी विचारल्यावाचून कॅमेरा काढू नये, व परवानगी असली तरी झगमगाट करणारा फ्लॅश वापरू नये.

देखावे व माणसे

आमच्या भागास निसर्गाने काही उणे केलेले नाही. घटप्रभेवरील गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटर खोल कोसळतो. जांबोटीपलीकडील रान, चोर्ल्याचा घाट, तवंदीच्या घाटातून दिसणारा निपाणीचा परिसर, येळ्ळूरच्या राजहंसगडावरून दिसणारी भाताची खाचरे, ही सर्व एका दिवसाच्या प्रवासाच्या टप्प्यात आहेत. देखाव्यासाठी एफ ८ ते एफ ११, कमीत कमी आयएसओ आणि शक्य तर तिकाटणे वापरावे. सूर्योदयानंतरचा व सूर्यास्तापूर्वीचा तास साधावा. भर दुपारचा उजेड सपाट व कठोर असतो. धबधब्याचे पाणी रेशमी धाग्यांसारखे दिसावयास हवे असेल तर तिकाटण्यावर शटर पाव ते अर्धा सेकंद उघडे ठेवावे. थेंब न् थेंब गोठवावयाचा असेल तर सेकंदाचा पाचशेवा भाग.

घरच्या माणसांसाठी नियम निराळे आहेत. बसलेल्या माणसास सेकंदाचा सव्वाशेवा भाग पुरतो. धावत्या मुलास अडीचशेवा किंवा त्याहून कमी लागतो. पंचवीस माणसांच्या दोन-तीन रांगा असतील तर एफ ८ ठेवावे, म्हणजे मागील रांगही स्पष्ट येते. आणि अगदी रुंद भिंगाने जवळून काढू नये, कारण कडेच्या माणसांचे चेहरे ताणले जातात. उन्हाकडे तोंड करून वृद्धांस उभे करू नये. ते डोळे मिचकावतात. ओसरीच्या सावलीत, उजेड एका बाजूने येईल असे बसविले म्हणजे चेहरा बोलका येतो. आणखी एक सूचना : घरात जी व्यक्ती नेहमी कॅमेरा धरते, ती कोणत्याच चित्रात नसते. कॅमेरा हातोहाती फिरवावा.

पावसाळ्यातील जपणूक

बेळगावचा पावसाळा भिंगाचा वैरी आहे. जून ते सप्टेंबर हवेत जो ओलावा राहतो, त्यात भिंगाच्या आत बुरशी धरते व ती एकदा धरली की काचेस कायमचा डाग पाडते. तंबाखूच्या वखारीत ओलावा किती असावा हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचे महत्त्व सांगणे नलगे. कॅमेरा चामड्याच्या पिशवीत व लाकडी कपाटात ठेवू नये. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. निळे दाणे गुलाबी झाले की ते तापवून पुन्हा कोरडे करावेत. आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून वापरावा, हा सर्वांत स्वस्त उपाय.

चित्रे टिकवावीत कशी?

आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळू. कॅमेरा बिघडला तर दुसरा आणता येतो. गेलेले चित्र परत येत नाही. साठ वर्षांपूर्वीचे बारा चित्रांचे रोल घराघरांत शिल्लक आहेत, आणि दहा वर्षांपूर्वी मोबाईलवर काढलेली हजारो चित्रे मोबाईलबरोबर नाहीशी झाली आहेत, ही आजची खरी अवस्था आहे. कित्येक मुलांचे बालपण असे पुसले गेले आहे.

वहीखात्यात आपण रोजमेळ लिहितो व त्यावरून खतावणी उतरतो. एक नोंद गहाळ झाली तरी दुसरीवरून ती सापडते. चित्रांनाही हाच न्याय लावावा. प्रत्येक चित्राच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या गावी वा दुसऱ्या घरी असावी. एक प्रत संगणकावर, एक बाहेरील हार्ड डिस्कवर आणि एक विवाहित मुलीकडे किंवा भावाकडे, अशी व्यवस्था सोपी आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा, वेदगंगा व दूधगंगा यांच्या काठच्या गावांत घरोघरी पाणी शिरले, हे आपण पाहिले आहे. आल्बम व हार्ड डिस्क एकाच कपाटात असतील तर अशा वेळी दोन्ही एकदमच जातात.

व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने पाठविलेले चित्र बारीक होऊन पोचते. ते जपून ठेवण्याची प्रत समजू नये. मूळ फाईलच जपावी. आणि दरवर्षी दिवाळीपूर्वी वर्षातील निवडक पन्नास चित्रे कागदावर छापून घ्यावीत. प्रत्येकामागे मऊ पेन्सिलीने नाव, स्थळ व साल लिहावे. आज घरांतील जुन्या चित्रांत असे कितीतरी चेहरे आहेत की, ज्यांचे नाव सांगणारे कोणी उरलेले नाही.

यातच कॅमेऱ्याचा आणखी एक उपयोग दडलेला आहे. आजोबा-पणजोबांची पिवळी पडत चाललेली चित्रे आणि माळ्यावरील मोडीत लिहिलेल्या जुन्या वह्या यांच्या प्रती आपणांस घरीच काढता येतात. कागद सपाट ठेवावा, दोन्ही बाजूंनी खिडकीचा मऊ उजेड यावा, फ्लॅश बंद असावा आणि कॅमेरा कागदाशी समांतर धरावा. कसर लागण्यापूर्वी एका रविवारी एवढे काम झाले, तर घराण्याची व पेढीची स्मृती पुढील पिढीच्या हाती सुरक्षित जाते. ज्येष्ठ मंडळी घरात आहेत तोवर ही चित्रे त्यांच्यापुढे ठेवून प्रत्येक चेहऱ्याचे नाव विचारून घ्यावे. हे काम पुढे ढकलण्याजोगे नाही.

एकंदरीत, आमच्या वाचकांस आमचे सांगणे असे की, आधी गरज लिहून काढावी, मग सेन्सरचा आकार पाहावा, त्यानंतर भिंग, नंतर हमी व पावती आणि शेवटी किंमत. मेगापिक्सेलचा आकडा यादीत नसला तरी चालेल. दुकानात जाऊन कॅमेरा प्रत्यक्ष हाती धरावा. घरातील वृद्धांना व मुलांना जो सहज चालविता येत नाही तो कितीही उत्तम असला तरी आपल्या घरचा नव्हे. या क्रमाने चाललेल्या कुटुंबास थोड्या खर्चात उत्तम साधन लाभेल, अशी आमची खात्री आहे. आणि त्या साधनाने काढलेली चित्रे कागदावर छापून, नावे लिहून ठेविली जावोत, अशी सर्व सभासद बंधुभगिनींस आमची विनंती आहे.